मेंढा तोफेचा राखणदार

दौलताबादच्या किल्ल्यावर एक तोफ हाय. तिच्या मागल्या टोकाला मेंढ्याचं मुंडकं हाय, वळलेल्या शिंगांचं. एवढं खरं. माझा बाप निजामाच्या राजवटीत तिकडं मेंढरं चारायला गेलता, त्यानं डोळ्यानं पाह्यलं व्हतं. बाकीचं सगळं मी लावलं.

मी लावलं ते असं का ती तोफ रवंथ करती. थंडीत तिला लोकर फुटती. परक्या मानसानं हात लावला का ढुशी मारती. एक साहेब तिनं असाच खंदकात पाडला, त्याची टोपी अजून मगरीच्या पोटात हाय. मग सरकारनं हुकूम काढला, हिला राखणदार धनगरच पायजे. सगळा मुलूख धुंडला आन् माझा सूर्यभान निवडला.

"मग?" कौतिका म्हनायची. कौतिका माझी नात, सूर्यभानची पोरगी.

"मग काय. खाकी डगला दिला, पितळी बिल्ला दिला. राहायला बुरुजात खोली."

"मग घरी का येत नाय?"

"आला व्हता एकदा. निम्म्या वाटंतून परत बोलावला. तोफ बें बें करायला लागली, आख्ख्या दौलताबादेत कोनाला झोप नाय."

"मग?"

"मग जाताना त्याचा एक जोडा वाटंत राह्यला. एकाच पायात जोडा घालून गेला बिचारा."

ह्या जोड्यापाशी कौतिका हसायची आन् तिचा इश्वास बसायचा. मी तिला शिकवलंच व्हतं, गोष्ट सांगायची तर मधी एक बारकं उणं ठेवायचं. जोडा हारवला, मीठ कमी पडलं, कायतरी. मोठ्या लबाडीला लोक हसत्यात, बारक्या उण्यावर इश्वास ठेवत्यात.

सूर्यभान माझा एकुलता एक. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, तवा त्यो धा वर्साचा व्हता, माझ्या छातीला लागायचा. त्याच्यानंतर नऊ वर्सांनी त्यो गंगेत गेला. आमी गोदावरीला गंगाच म्हनतो. कळप उतरवताना गेला, माझ्या डोळ्यादेखत. काठावर मी एकटीच व्हते. प्रेत घावलं नाय. आन् वाडीवर येऊन मी सांगितलं का त्यो पलीकडच्या काठाला चढला, मी पाह्यलं, चढून कुठंतरी निघून गेला.

त्या वक्ताला तोंडातून निघालं ते निघालं. पन म्हैन्याभरानं बानाचा बाप आला. बाना म्हंजी माझी सून, सतरा वर्साची, अंगावर चार म्हैन्याची कौतिका. आमच्यात बाई मोकळी झाली का तिचं मोहतूर लावत्यात, दुसरं घर करून देत्यात, त्यात लाजायचं काय नाय. मातूर लेकरू बापाच्या घरचं, ते राहतं. बाप म्हनला, नेतो पोरीला. माझ्याकडं चाळीस मेंढरं, एक तान्ही पोर, आन् मी. मी म्हनले, "जित्ता हाय तिचा नवरा. चढताना म्या पाह्यलाय. कशी नेता?" त्यो पाहुना चहा न पिता परत गेला.

हे पुढं निस्तरायचं राह्यलं. दिवसामागून दिवस गेले, बाना कुकू लावत राह्यली, आन् पोरगी बोलायला लागली तवा इचारायला लागली. मग मी ती तोफ काढली.

आमची वाडी गंगापूरच्या अलीकडं, औरंगाबाद-नगरच्या सडकंपासून मैलभर आत. शाळा गावात. कौतिका वाडीवरनं सहावीला जानारी एकटी पोरगी. सहावीचे गुरुजी काकासाहेब, जालन्याकडनं औंदाच बदलून आलेले, उंच, वाळके, आन् लई उत्साही. फाल्गुन लागला तसं त्यांनी पोरांना वर्गात बसू देनंच बंद केलं. वर्सभर वाचलं ते आता डोळ्यानं बघा म्हनाले. झाडाझाडाची पानं दाबून वही केली. टकळीवर सूत काढायचं तर आमची पोरगी लोकर घेऊन गेली, आन् गुरुजींनी तिची लडी सगळ्या शाळंत फिरवली. मग पटांगनात काळ्या मातीचा दौलताबादचा किल्ला केला, खंदकात पानी सोडलं. कौतिकानं मातीचा एक मानूस करून तोफंपाशी उभा केला, त्याच्या एकाच पायात जोडा.

पोरं कुंभाराकडं गेली, लोहाराच्या भात्यावर गेली, आन् एका सकाळी बावीस जन रांगंनं आमच्या मेंढरांच्या वाड्यावर आले, लोकर कातरनं बघायला.

त्रिंबक कातरत व्हता. त्यो माझा पुतण्या, मोठ्या दिराचा पोरगा. मेंढीचे चारी पाय बांधलेले, त्याचा गुडघा तिच्या मानंवर, कातर कचाकच चाललेली. बाना लोकर गोळा करत व्हती. आदल्या दिवशी मेंढरं ओढ्यात धुतलेली, तरी वास सुटला व्हता, पोरांनी नाकं धरली. मी म्हनले, "हे तर कायच नाय. एकदा म्या मेंढी कातरली, कातरली, लोकर सरंच ना. दुपार झाली. शेवटाला आत दुसरी मेंढी निघाली, बारीक, लाजाळू. दोघींचं दूध येगळं काढत व्हतो."

पोरं खिदळली. गुरुजी म्हनाले, "आजीबाई, मुलं लिहून घेतायत. जरा खरं सांगा."

"खऱ्याला वही कशाला लागती, गुरुजी?"

ते बी हसले. मानूस चांगला व्हता. मग त्यांनी पिशवीतनं कागद काढले आन् एकेकाला वाटले. शनिवारी दौलताबादची सहल, त्याच्या चिठ्ठ्या. वडलांची सही आनायची, सही येत नसंल तर अंगठा.

कौतिकानं कागद घेतला, नीट घडी घालून पोलक्यात ठेवला. "गुरुजी, मी ही संगट आनते. सही तिथंच घेऊ."

"तिथं कुठं?"

"गडावर. बाबा तिथंच हायेत."

दगडी म्हनून तिची मैतरीन, ती म्हनली, "हिचा बाप सरकारी तोफ राखतो, गुरुजी. मेंढ्याच्या तोंडाची."

"असं होय? मग काय, यंदा तुझे वडीलच आपल्याला किल्ला दाखवतील," गुरुजी म्हनाले आन् माझ्याकडं वळले. "कधीपासून आहेत तिथं?"

मी मेंढीच्या पायाची दोरी सोडत व्हते. गाठ सुटली व्हती तरी सोडतच राह्यले. म्हनले, "झाली बारा वर्सं."

कातरलेली मेंढी सुटली, थरथरत उभी राह्यली. नागवी दिसत व्हती. पोरं तिला हसली.

पोरं गेल्यावर त्रिंबकानं कातरीला तेल लावलं, फडक्यात गुंडाळली. मग म्हनला, "काकू, बारा म्हनालात ते बरं केलं. औंदा बारा सरत्यात. पंच इचारत व्हते."

"काय इचारत व्हते?"

"तुमाला ठाऊक नाय का. बारा वर्सं मानूस आला नाय तर दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा. दहावं, तेरावं. वहिनीच्या बांगड्या फोडायच्या. मग ती मोकळी. अजून तिशीची बी नाय ती. कायगावाकडं एक जन हाय, बायको मेलेला, दीडशे मेंढरं हायेत त्याची. त्यानं निरोप धाडला व्हता."

बाना लोकरीतले काटे येचत व्हती. मान वर न करता म्हनली, "भाऊजी, शनिवारी पोरगी गडावर चाललीय. बघून यील. मग पुतळ्याचं बोला."

"वहिनी, तुमचा बी त्या तोफंवर इश्वास?"

"तोफंवर नाय." बानानं एक गोखरू काढून दूर टाकलं. "पन आत्याबाईंनी त्यांना काठाला चढताना पाह्यलं. मानूस चढला म्हंजी कुठंतरी असंलच. तोफंपाशी नसंल, रेल्वेत असंल, चुन्याच्या भट्टीवर असंल. किल्ल्यावर हज्जार मानसं येत्यात, कोनी वळखीचं निघंल. व्हय ना, आत्याबाई?"

"व्हय," मी म्हनले.

बानाला एक सवय व्हती. दर कातरनीला आपल्या वाट्याची काळीभोर लोकर बाजूला काढायची, वर्सभर कातायची. अशी तीन वर्सं साठवून तिनं सनगराकडून एक घोंगडी इणून आनली व्हती. कुनाच्या अंगावर पडली नाय ती घोंगडी. लिंबाचा पाला घालून पोत्यात ठेवलेली. पावसाळा सरला का ऊन दाखवायची, झटकायची, परत पोत्यात. मला रोज दिसायचं ते पोतं.

शनिवार यायच्या आत मी काय काय नाय केलं. पोरीला म्हनले, किल्ल्यात अंधारी हाय, काळोखा बोगदा, आत वटवाघळं गुरवाच्या नगाऱ्याएवढी, पोरींच्या येन्या धरून लोंबकाळत्यात. ती म्हनली, "मग मी फडकं गुंडाळीन डोक्याला. अजून सांग ना." मी म्हनले, खंदकातल्या मगरीला साहेबाच्या टोपीपासून मानसाची चटक लागलीय. ती म्हनली, "बाबाला वळखत असंल मगर." जेवढं भ्याव दाखवावं तेवढी तिची उडी उंच. मी तिला धा वर्सं ह्याच चाऱ्यावर वाढवली व्हती.

बुधवारी मी पोट धरून निजले. कौतिकानं ओवा भाजून दिला, पोटावर हात फिरवला. "थांब दोन दिस. बाबाकडं सरकारी औषीद असंल, मी घेऊन येते."

शुक्रवारी तिचा शाळंचा घागरा मी लोकरीच्या ढिगात दाबला. सगळी झोपडी उलथीपालथी झाली, पोरगी रडून लाल. तिन्हीसांजंच्या आत बानानं त्यो काढला. काटे झाडले, धुतला, दोरीवर टाकला. माझ्याकडं नुसतं बघितलं. तिला वाटलं असंल, म्हातारीचा जीव पोरीत आडकलाय.

सांगता आलं असतं मला. शुक्रवारी बी सांगता आलं असतं. पोरगी घागरा वाळतोय का बघायला दहादा जात व्हती, आन् मी तिच्याकडं बघत व्हते, आन् तोंडाशी आलेलं गिळत व्हते.

शनिवारी बाना पहाटंच उठली. मेंढीच्या दुधात पीठ मळून दशम्या केल्या, लसनाची चटनी कुटली. दोन गठुडी बांधली. एक पोरीचं, एक मोठं.

"हे त्यांना दे," ती म्हनली. "आन् काय बोलू नको फार. माय बरी हाय म्हन. मेंढरं साठ झाली म्हन."

"घोंगडी देऊ का?"

बानानं गठुड्याची गाठ आवळली. "नाय. आधी बघून ये."

सडकंच्या फाट्यावर एसटी थांबली. गुरुजींनी खडूनं परतेकाच्या पाठीवर आकडा घातला, पोरगं हारवू नये म्हून. आमी मेंढरांना रंग लावतो तसा. कौतिकाच्या पाठीवर चौदा. ती खिडकीत बसली, मोठं गठुडं मांडीवर. एसटी हालली तशी ओरडून म्हनली, "आज्जे, तोफंला तुझा नमस्कार सांगते."

दिवसभर मी मेंढरांमागं व्हते. ऊन कडक, माळावर गवताचं नाव नाय, मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी. मी एका दगडावर बसले आन् मनातल्या मनात तिच्यासंगट किल्ला चढले. आता पोचली असंल. आता इचारलं असंल. आता कोनीतरी सांगितलं असंल. आता रडली असंल. बावीस पोरांच्या मधी.

दिवस कासराभर राह्यला तवा मी कळप त्रिंबकाच्या पोरीवर सोडून फाट्यावर गेले. बाना आधीच येऊन उभी व्हती. तिनं हिरवं लुगडं नेसलं व्हतं, सनाचं. केस धुतलेले. नुसती पोरगी आनायला आलेली बाई असं करत नाय. सडकंवरनं जानारे बैलगाडीवाले बघत व्हते तिच्याकडं, आन् ती खाली बघत व्हती.

एसटी आली. पोरं उतरली, धुळीनं माखलेली, दमलेली. कौतिका शेवटाला उतरली. पाठीवरचा चौदा निम्मा पुसलेला. हातात गठुड्याचं फडकं, रिकामं. तिनं मायकडं बघितलं, त्या हिरव्या लुगड्याकडं, वल्या केसांकडं. लई येळ बघितलं.

मग म्हनली, "भेटले."

बानानं तिचा दंड धरला. "काय भेटले? नीट सांग."

"बाबा भेटले. तोफंपाशीच व्हते. खाकी डगला हाय. मिशा पांढऱ्या झाल्यात थोड्या. मी म्हनले मी कौतिका, तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला. दशमी तिथंच बसून खाल्ली, तोफंला पाठ लावून. म्हनाले, चटनीत मीठ कमी पडलंय."

बाना सडकंच्या कडंला बसली. "कमीच पडलं व्हतं," ती म्हनली. "मीठ घालायचं इसरलेच व्हते मी. वाटंत ध्यानात आलं." आन् तोंडाला पदर लावून रडाय लागली. हसत बी व्हती.

मी पोरीकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाय.

मागं गुरुजी उभे व्हते. त्यांनी काय बोलायला तोंड उघडलं, मग बानाकडं बघून मिटलं. दगडीच्या खांद्यावर हात ठेवून पोरं घेऊन ते गावाकडं वळले.

वाटंनं बाना पुढं, भराभरा, जनू सतराची. घरी आली ती सरळ पोत्यापाशी गेली. घोंगडी काढली, पाला झटकला, घडी केली. "उद्या सकाळच्या गाडीनं मी जाते," ती म्हनली. "पोरीनं मानूस दाखवून दिला. आता मी बसून राहनार नाय. येत नसतील तर नका येऊ, पन तोंडावर सांगा म्हनते. एवढं तरी सांगा."

चूल पेटायची व्हती. अजून उजेड व्हता. कौतिका उंबऱ्यात बसून पायातले काटे काढत व्हती. मला वाटलं, आता बोलले नाय तर ही त्या तोफंपाशी जाऊन उभी राहील, लुगडं नेसून, घोंगडी घेऊन, आन् लोकांची तोंडं बघंल.

म्हनले, "बाना, बस. सूर्यभान काठाला चढला नाय."

तिनं घोंगडीची घडी परत मोडली, परत घातली.

"म्या खोटं सांगितलं. त्यो गेला. गंगेत गेला, माझ्या समूर. तुझा बाप तुला न्यायला येईल म्हून म्या खोटं सांगितलं."

"आत्याबाई," बाना म्हनली, शांतपनी, लेकराला समजावं तशी, "तुमी आजवर मला मगर सांगितली, साहेबाची टोपी सांगितली. मेंढीतून मेंढी निघाली म्हनालात, आख्ख्या गावाला सांगितलं. आन् आता माझ्या जायच्या येळंला हे सांगता. मी गेले तर परत येनार नाय असं वाटतं का तुमाला?"

"बाना, बिरोबाची आन."

"बिरोबाची आन तुमी त्या लाजाळू मेंढीच्या येळंला बी घेतली व्हती."

घेतली व्हती. मी कौतिकाकडं वळले. "तू सांग मग. काय पाह्यलं तू तिथं, खरं सांग."

पोरीनं पायातला काटा उपटला. त्याच्याकडं बघत म्हनली, "बाबाच व्हते."

सकाळी झुंजुमुंजूलाच बाना निघाली. घोंगडी खांद्यावर, हातात गठुडं. आमी दोघी निजल्याचं सोंग करून पडलो व्हतो. आयतवार व्हता, शाळा नव्हती. उन्हं आल्यावर कौतिका आपली आपनच माझ्यासंगट मेंढरांमागं आली.

माळावर त्याच दगडावर आमी बसलो. मग ती म्हनली, "तोफंपाशी एक चाचा व्हता. म्हातारा. खुलताबादचा. मी इचारलं, तर म्हनला, इधर सूर्यभान कोई नै बेटा, बीस साल से मैं हूँ. मी परत इचारलं. मग सगळे हसले. गुरुजी म्हनाले चला, पुढं चला. त्यांनी माझा हात धरला व्हता."

"मग?" मी म्हनले. आजवर तीच म्हनायची.

"मग मी दशमी त्या चाचाला दिली. परत आनायची कशी. त्यानं खाल्ली. म्हनला, नमक कम है." तिनं एक खडा उचलून फेकला. "तोफंची शिंगं घासून गुळगुळीत झालीत, आज्जे. सगळे हात लावत्यात. मी बी लावला. ढुशी बिशी काय मारत नाय."

"मायला का नाय सांगितलं?"

"तिनं हिरवं लुगडं नेसलं व्हतं."

एक मेंढी लांब चालली व्हती. तिला हाळी द्यायला पायजे व्हती, दोघीतली कोनीच उठली नाय.

"आज्जे, तू खरंच पाह्यलं व्हतं?"

"व्हय."

"सांग."

मी सांगितलं. आयुष्यात पह्यल्यांदा काय न लावता सांगितलं. हस्ताचा पाऊस वर कुठंतरी पडला व्हता, आमच्या डोक्यावर ऊन व्हतं. निम्मा कळप त्रिंबकानं आधीच उतरवून टेकाडापलीकडं नेला व्हता. सूर्यभान उरलेला उतरवत व्हता, पानी मांडीपर्यंत. मग पानी गढूळ झालं. एक कोकरू वाहत चाललं. सूर्यभान त्याच्यामागं गेला. कोकरू त्याला घावलं. त्यानं ते डोक्यावर धरलं. पानी छातीला आलं, मग खांद्याला. त्यो माझ्याकडं बघत व्हता.

"ओरडले का?"

"नाय."

"हात वर केला का?"

"हातात कोकरू व्हतं."

"मग?"

ती माझ्या तोंडाकडं बघत व्हती, गोष्टीच्या टायमाला बघती तशी, मान जराशी वाकडी करून.

"मग?" तिनं परत इचारलं.

"मग नाय," मी म्हनले. "एवढंच हाय."

ती तशीच बघत राह्यली. मग हळूच सरकून माझ्या कुशीत आली. तिच्या पोलक्यात कागद कडकडला. सहीची चिठ्ठी व्हती ती, कोरीच.

तिसऱ्या प्रहरी आमी कळप आनला आन् मी फाट्यावर जाऊन बसले. औरंगाबादकडनं येनाऱ्या दोन गाड्या गेल्या, बाना उतरली नाय. म्हनले, गेली. बापाकडं गेली, नायतर कुठं गेली. बरोबर केलं.

मग गंगापूरकडनं, उलट्या अंगानं, गंगाकाठच्या कायगावावरनं येनारी गाडी थांबली. तिच्यातनं बाना उतरली.

खांद्यावर घोंगडी नव्हती. लुगड्याला गुडघ्यापर्यंत वाळलेली रेती चिकटलेली, पायांच्या भेगांत रेती. कपाळ धुतलेलं. दोन्ही मनगटं मोकळी, एका मनगटावर काचंनं कापल्याचा लाल ओरखडा.

मी उठून उभी राह्यले. ती माझ्याजवळनं गेली, मी मागं. मैलभर तिच्या मागंमाग चालले. सासूच्या पुढं चालायची तिची रीत नव्हती.

घरी आल्यावर तिनं तांब्याभर पानी पिलं. कौतिका मेढीला टेकून उभी व्हती, मायच्या हातांकडं बघत.

"तोफंपाशी एक चाचा हाय, म्हातारा. घोंगडी गंगेला दिली," बाना म्हनली. "लवकर बुडंना. लई सुकी झाली व्हती. तरंगत तरंगत गेली लांबवर, मग पानी पिली." तिनं तांब्या पालथा घातला. "उताराला आता पूल झालाय. लोक सायकलीवर जात्यात."

कौतिकानं तांब्या उचलून जाग्यावर ठेवला.

"मी सतराची व्हते, आत्याबाई."

मी जिमीनीकडं बघत बसले. जिमीनीवर लोकरीची एक बारकी बट पडली व्हती, ती वाऱ्यानं हालत व्हती.

वाड्यात कोकरं वरडाय लागली. दूध पाजायची येळ झाली व्हती, आन् आमी दोघींनी ती सोडली नव्हती. बाना उठली. पदर खोचला, फाटक उघडलं आन् एकेक कोकरू उचलून त्याच्या त्याच्या मायच्या पोटाखाली लावत गेली. कौतिका तिच्या मागं गेली. एकेक वरडनं थांबत गेलं. मग सगळी गप झाली, नुसता पिन्याचा आवाज राह्यला.